दिरंगाईचे मोल



मिग आणि सुखोई ओझरला घडताना नाशिककरांनी पाहिली आहेत. लढाऊ विमानांचे कौतुक होते. सैनिक, शिधा आणि दारूगोळा वाहणारी विमाने मात्र उपेक्षित राहतात. कानपुरात बांधलेले पहिले ‘अ‍ॅव्रो’ १९६१ साली उडाले. त्याच्या जागी नवी विमाने घेण्यासाठी २०१३ मध्ये निविदा निघाली. बोली एकच आली, निर्णय रेंगाळला आणि करारास २०२१ साल उजाडले. ५६ ‘सी-२९५’ विमानांपैकी १६ स्पेनमध्ये आणि ४० वडोदऱ्यात बांधण्याचे ठरले. पहिले विमान वायुदलात आले सप्टेंबर २०२३ मध्ये. मागच्या उतरत्या दारातून छत्रीधारी सैनिक व रसद थेट खाली सोडण्याची सोय त्यात आहे.

यापुढची पाळी ‘एएन-३२’ची. १९८४ पासून सेवेत असलेले हे विमान २००८ साली, तब्बल ४३ वर्षांनी, लडाखमधील दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीवर उतरले. असे धाडस वैमानिक करतात. त्यांच्या हाती वेळेवर नवे साधन देणे हे राष्ट्राचे कर्तव्य होय. विमान बांधण्याचे कौशल्य या भूमीत आहे, हे ओझरने सिद्ध केले आहे. निर्णयाची तत्परताही तितकीच हवी. कारण दिरंगाईचे मोल अखेर जुन्या विमानात बसणारा जवानच मोजतो.