वाटेवरचें चाक

धुळ्याहून जळगांवास मोटार आज दोन-अडीच तासांत पोंचते. याच वाटेनें बैलगाडींतून जाणाऱ्या कुटुंबास पूर्वीं दोन-तीन रात्री लागत. अंतर ६० मैलांच्या आंतबाहेर आणि बैलांची चाल तासास दोन मैल. शिवाय वैशाखांत भर दुपारीं चालण्याची सोय नाहीं. या मुलखांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. म्हणून दिवस कलल्यावर गाडी जुंपावयाची व उन्हें चढण्यापूर्वीं एखाद्या आमराईंत सोडावयाची, असा परिपाठ होता. १९०० सालीं चाळीसगांव-धुळें आगगाडी सुरू झाली खरी. परंतु स्टेशनापासून दूरच्या गांवचीं वऱ्हाडें पुढेंही कित्येक वर्षें गाड्यांनींच निघत.

रात्रीचा गार वारा आणि बैलांच्या गळ्यांतील घुंगरें, असें सुखाचें चित्र श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहील. गाडीवानाचें लक्ष मात्र चाकाच्या आवाजाकडे असे. तुंबा, त्यांत ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोंकांवर बसविलेले लांकडी पुठ्ठे आणि या सर्वांस आवळून धरणारी लोखंडी धाव, एवढाच चाकाचा संसार. कोरड्या उन्हांत लांकडांतील ओल उडून पुठ्ठे आकसतात. लोखंड उलट तापून किंचित् वाढतें. मग धाव सैल होते व आरे खुळखुळूं लागतात. तो खुळखुळाट ऐकूनही जो गाडी तशीच हांकील, त्याची धाव पुढल्या उतारावर निसटलीच म्हणून समजावें. आणि धाव गेल्यावर चाक विखुरण्यास फार वाट लागत नाहीं. गाडींत नवरी बसलेली असतां, मुहूर्त दुसऱ्या दिवसावर आला असतां, ही गोष्ट किती जिवावरची होई!

तात्पुरता उपाय गाडीवानाच्याच हातीं असे. धाव आणि पुठ्ठा यांच्या फटींत ओल्या तरटाची पट्टी घालून बाभळीच्या पाचरी ठोकावयाच्या. जळगांवच्या अलीकडे बांभोरीजवळ गिरणा ओलांडावी लागते. उन्हाळ्यांत पात्रांत पाणी थोडें व वाळू अपार. एका गाडीस दुसरीचे बैल जोडल्यावांचून चाकें वर निघत नसत. नदीनें असा छळ केला, तरी औषधही तीच देई. दिवसाच्या मुक्कामांत चाक काढून डोहांत बुडवून ठेवलें कीं लांकूड फुगून धाव पुन्हां घट्ट बसे. हा गुण मात्र लांकूड पुन्हां सुके तोंवरच.

खरी दुरुस्ती लोहाराची, आणि तेथेंच पंचाईत. आपल्या गांवचा सुतार किंवा लोहार बलुत्यावर काम करी. सुगीला धान्य घेई व वर्षभर गाडी सांभाळी. परगांवच्या कारागिराचें या वाटसरूशीं असें कांहींच नातें नव्हतें. त्याला रोकड मोजावी लागे, किंवा त्याच्या भलेपणावर विसंबावें लागे. बहुतेकदां हा भलेपणा आढळे. कारण त्याच्याही सोयऱ्यांच्या गाड्या कोठेंतरी अडतच असत.

लोहार दोरीनें पुठ्ठ्यांचा घेर मोजी, धाव तोडून बोटाहूनही कमी तुकडा काढी आणि टोंकें तापवून सांधी. मग गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगींत लाल झालेली धाव सांडशांनीं उचलून चाकावर बसवावयाची, घणाचे ठोके घालावयाचे आणि लांकूड पेटण्याच्या आंत पाणी ओतावयाचें. वाफेचा लोट उठे, लोखंड आकसे व सांध्यासांध्यांतून करकर आवाज निघे. तुकडा जास्त काढला गेला तर आरे वांकत. कमी काढला तर सारा खटाटोप व्यर्थ. हा अंदाज कोणत्याही शाळेंत शिकवीत नसत.

वंगणाची कथा लहान आहे. एरंडेल व काजळीचा नळा गाडीखालीं लोंबत असे. आंस सुका पडला तर दोष हांकणाऱ्याचाच.

पुढें रबरी टायरची गाडी आली व लोकांनीं तिला ‘डनलॉप’ असेंच नांव दिलें. ती हलकी चालते, वाळूंतही कमी रुतते. बैलांचा भार मात्र त्या मानानें उतरला नाहीं, कारण मालकानें माल वाढविला! तिची दुरुस्ती म्हणजे पंक्चर. त्यासाठीं सुतारही नको आणि गिरणेचा डोहही नको. जुनीं लांकडी चाकें रंग देऊन आतां महामार्गावरील ढाब्यांच्या दारांत उभीं केलेलीं दिसतात. वैशाखांत त्यांच्याही धावा सैल होतात.