लोकांच्या कारभाराची अभ्यासक : एलिनॉर ऑस्ट्रॉम



गावचं कुरण, नदीवरचा बंधारा, शहरातली पोलीस चौकी. यांचा कारभार कोणी पाहावा? लोकप्रशासन शिकवताना आम्हा शिक्षकांपुढे पहिल्या तासापासून उभा राहणारा हा प्रश्न. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन प्राध्यापिकेने त्याच्यासाठी आपलं सारं आयुष्य खर्ची घातलं. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

1933 साली लॉस एंजेलिसमध्ये त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. पीएच.डी. अर्थशास्त्रात करायची होती, पण शाळेत मुलींना पुढचं गणित सहसा घेऊ देत नसत. गणित कमी पडलं म्हणून प्रवेश मिळाला नाही, आणि त्या राज्यशास्त्राकडे वळल्या. प्रबंधाला विषय मिळाला तो जमिनीखालच्या पाण्याचा. लॉस एंजेलिसजवळच्या किनारपट्टीत उपसा इतका वाढला होता की समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलं होतं. उपसा करणारे एकमेकांचे स्पर्धक. तरीही त्यांनी बैठका घेतल्या, कोर्टात तडजोड केली आणि उपशावर स्वतःच मर्यादा घालून घेतली. एलिनॉरबाई त्या बैठकांना जाऊन बसत आणि टिपणं काढत. अभ्यासाची ही रीत त्यांनी पुढे कधी सोडली नाही.

1965 मध्ये त्या इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला आल्या. विद्यापीठात नेमणूक झाली होती ती त्यांचे पती विन्सेंट यांची. बाईंना पहिलं काम मिळालं ते सकाळी साडेसातचा वर्ग घेण्याचं.

त्या काळी अमेरिकेत एक मत पक्कं होतं : लहान लहान पोलीस खाती मोडून एकच मोठं खातं करा, म्हणजे कारभार सुधारेल. बाईंनी विद्यार्थ्यांना घेऊन इंडियानापोलिसमध्ये पाहणी केली. सारख्याच वस्तीचे भाग निवडले. काही लहान खात्यांकडचे, काही मोठ्या खात्याकडचे. पोलीस बोलावल्यावर किती वेळात येतात, तुम्ही समाधानी आहात का, असं लोकांनाच विचारलं. रोजच्या गस्तीत लहान खाती उजवी ठरली. गुन्ह्यांच्या तपासाची प्रयोगशाळा मात्र मोठ्या प्रमाणावर चालवलेलीच परवडते, हेही त्यांना दिसलं आणि तेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. आपल्या मताला गैरसोयीचं जे दिसलं तेही नोंदवणं, हा मला त्यांचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

1973 मध्ये पतिपत्नींनी विद्यापीठात एक अभ्यासकेंद्र काढलं आणि त्याला 'वर्कशॉप' हे नाव दिलं. दोघं एका सुताराकडे लाकूडकाम शिकले होते. उस्तादाच्या हाताखाली काम करत शिकायचं, ही पद्धत त्यांनी संशोधनात आणली.

सामाईक मालमत्ता लोक ओरबाडूनच टाकतात, म्हणून ती सरकारकडे द्या किंवा खासगी करा, असा युक्तिवाद गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडला होता. 1990 च्या आपल्या ग्रंथात बाईंनी त्याला उदाहरणांनी उत्तर दिलं. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा नियम सोळाव्या शतकातला आहे : हिवाळ्यात आपल्या गोठ्यात जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात सोडायच्या. नियम गावाने केला, राखणही गावानेच केली, म्हणून कुरण टिकलं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. धुळे-नाशिक भागात पांझरेसारख्या नद्यांच्या काठी फड पद्धत होती. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. आणि पाणी कमी असलं की किती फड भिजवायचे ते पंच ठरवणार. टोर्बेलच्या गाई आणि पांझरेचं पाणी, दोन्हीकडे शहाणपण एकच.

2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल ऑलिव्हर विल्यमसन यांच्याबरोबर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना मिळालं. हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. ज्या विषयाने एकदा दार लावलं होतं, त्याच विषयाचं हे पारितोषिक! आपल्या वाट्याची रक्कम त्यांनी विद्यापीठातल्या कामाला देऊन टाकली. 12 जून 2012 रोजी त्या गेल्या.

लोकप्रशासन आणि सेवाभावी संस्थांचं व्यवस्थापन शिकणाऱ्या तरुण मित्रांना माझं एक सांगणं आहे. 2005 च्या कायद्याने आपल्याकडे शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना सिंचनाच्या कारभारात हक्काची जागा दिली आहे. प्रबंधाचा विषय ग्रंथालयात बसून ठरवण्याआधी अशा एखाद्या संस्थेच्या सभेला जाऊन बसा. इतिवृत्ताची वही मागा. पाटाच्या शेवटच्या टोकाला ज्याचं शेत आहे, त्याला विचारा, पाणी पोचतं का? त्याचं उत्तर आधी लिहून घ्या. सिद्धांत त्यानंतर.