शिळी प्रत



पोथ्यांचे पाठ ताडण्यात हयात घालविलेल्या माणसाने संगणकावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु मूळ आणि प्रत यांचा तंटा तेथेही आहेच. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ आणली. फाइल एका मध्यवर्ती सर्व्हरवर असते. इतर संगणक तिची प्रत आपल्याजवळ ठेवतात. हीच ‘कॅश’. दरवेळी मुळाकडे धावावे तर काम मंदावते, म्हणून प्रतीला मुदत असते. लिनक्समध्ये फाइलच्या माहितीपुरती ती सामान्यतः ३ ते ६० सेकंद. मुदत सरली की सर्व्हरला विचारावयाचे : शेवटचा बदल केव्हा झाला?

दोष दडतो तो या ‘केव्हा’मध्ये. एक्स्ट३ सारखी जुनी साठवणपद्धती वेळ पूर्ण सेकंदांतच नोंदवी. एकाच सेकंदात दोन बदल झाले आणि प्रत त्यांच्या मध्ये घेतली गेली, तर वेळ तीच दिसते. शिळी प्रत ताजी ठरते. सहकाऱ्याने केलेली दुरुस्ती दुसऱ्याला दिसतच नाही. मुदत कितीही घटवा, उत्तर तेच येणार! (एकाच शकाच्या दोन पोथ्या आम्ही कधी एक मानल्या नाहीत.)

२००० साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीने वेळेऐवजी, प्रत्येक बदलासरशी बदलणारी खूण मागितली. मात्र लिनक्स सर्व्हरने आरंभी ती खूणही घड्याळावरूनच बनविली. पाटी नवी, दुखणे जुनेच. एक्स्ट४ मध्ये बदलांची मोजदाद ठेवणारा आकडा आला आणि सर्व्हर तो वापरू लागला, तेव्हा कुठे त्या सेकंदातला दुसरा बदल वेगळा ओळखता येऊ लागला.