गर्भिणीचे रक्त आणि आपले घर



ज्ञातीच्या उन्नतीविषयी आपण दरवर्षी पुष्कळ बोलतो. परंतु पुढील पिढीस जन्म देणाऱ्या मातेच्या अंगी रक्त किती आहे, हा प्रश्न आम्ही आज आपणांपुढे ठेवीत आहोत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गर्भवतींस रक्तक्षय आढळला.

थकवा, धाप, फिकट पापण्या ही लक्षणे आपण ‘दिवस गेले की असे व्हायचेच’ म्हणून सोडून देतो. आमच्या घरीही हेच घडले. सून सर्वांमागून, उरलेसुरले जेवीत असे. दुसऱ्या खेपेस तिचे हिमोग्लोबिन अवघे सात भरले, तेव्हा आमचे डोळे उघडले. अकरा ग्रॅमच्या खाली रक्तक्षय आणि सातच्या खाली तो तीव्र. अशा स्थितीत प्रसूतीसमयीचा थोडा अधिक रक्तस्रावही जिवावर बेततो.

१९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईस आली. गिरणीकामगार गर्भवतींचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने सुधारतो, हे तिने १९३१ मध्ये दाखविले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक आम्ल. तेच आज लोहासह सरकारी दवाखान्यातील विनामूल्य गोळीत असते. ती चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, व प्रसूतीनंतर पुन्हा तितकेच दिवस घ्यावी. चहा वा दुधासोबत घेऊ नये. मोर्शी-वरुडची संत्री किंवा लिंबू जवळ करावे. शौच काळे होते, त्यास भिऊ नये. रक्तक्षय ठरल्यास मात्रा वैद्यांनी ठरवावी व दरमहा तपासणी करावी. गोळ्यांनी गुण न आल्यास शिरेतून लोह, आणि अगदी तीव्र अवस्थेत रक्त द्यावे लागते. त्यासाठी अमरावतीचे ‘डफरीन’ व अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’ आपणांस परिचित आहेतच.

मात्र प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावाचाच नसतो. मेळघाटासह विदर्भात सिकलसेल आहे. वधूवरांच्या पत्रिका आपण जुळवितो. त्याआधी ही रक्तपरीक्षा का करू नये? दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो.

अंबाडीची भाजी, तुरीचे वरण, हरभरा, गूळ हे वऱ्हाडात दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ते सुनेचे पहिल्या पंगतीतील ताट. ते आजपासून मांडावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.