हाताचा मोबदला आणि हाताचे काम



वसंत व्याख्यानमालेत विद्वान मंडळी बोलतात. माझे शिक्षण विडीच्या सुपापाशी आणि संघाच्या कचेरीत झाले. तेव्हा एका कामगार कार्यकर्त्याने कामगाराच्या हाताविषयी केलेले हे बोलणे आहे, एवढेच आपण समजावे. विषय आहे व्यवसायोपचार. इस्पितळात त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात.

हाताची किंमत मोजायला आम्हांला कायद्याने शिकवले. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा २०२५ साली सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. पण त्याचे कोष्टक आम्हां जुन्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के. या टक्क्यांसाठी आम्ही भांडलो, आणि भांडलेच पाहिजे. परंतु उद्या सकाळी हा माणूस सदऱ्याची गुंडी कशी लावणार, या प्रश्नाचे उत्तर कोष्टकात नसते.

एका भातगिरणीत पट्ट्यात सापडून एका गड्याची उजव्या हाताची चार बोटे गेली. भरपाई मिळाली, घरावर नवी कवेलू चढली. डाव्या हाताने जेवणे त्याच्या मनाला पटेना, म्हणून बायको घास भरवी. तो मला म्हणाला, "भाऊ, पैसे पावले, पण मी पोराहून लहान झालो." पुढे नागपूरला त्याच्या तळहाताला चामड्याचा पट्टा करून दिला. पट्ट्याच्या खिशात चमचा बसे, विळ्याची बारीक मूठही बसे. वस्तू किरकोळ, पण त्या दिवसापासून तो पंगतीत बसू लागला.

व्यवसाय म्हणजे पोटाचा धंदा, असे आपण धरतो. या शास्त्रात त्याचा अर्थ मोठा आहे. आंघोळ, कपडे, चूल, बाजार, पोरांना खेळवणे, विडी वळणे हे सारे माणसाचे व्यवसायच. मालक कामाचे तुकडे पाडतो ते मजुरी ठरवण्यासाठी. व्यवसायोपचारतज्ज्ञ तुकडे पाडतो ते माणूस नेमका कुठे अडतो हे पाहण्यासाठी. तांब्याभर पाणी पिणे एक काम दिसते. पण हात पुढे नेणे, पकडणे, उचलणे, तोंडाशी तिरपे करणे अशी त्यात चार कामे आहेत. अडते बहुधा एकच, आणि आपण चारही काढून घेतो!

अडलेल्या जागी तीन उपाय असतात. त्याच कामातून अवयवाला सराव द्यायचा. नाही तर कामाची रीत बदलायची. नाही तर हत्यार किंवा घर बदलायचे. अर्धांगवायूच्या रोग्याने सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालावा, आणि काढताना तो शेवटी काढावा. ज्याची मूठ वळत नाही त्याच्या चमच्याला चिंधी गुंडाळून दांडा जाड करावा. ज्याला उकिडवे बसता येत नाही त्याला न्हाणीत घट्ट पायांचे स्टूल द्यावे, भिंतीला धरायला पक्का दांडा ठोकावा. कुष्ठरोगाने ज्याच्या हाताची जाणीव गेली आहे त्याला तापलेले पातेले भाजते ते कळतही नाही. त्याने लाकडी मुठीची भांडी वापरावी आणि रोज हात डोळ्यांनी तपासावे. यात महाग असे काय आहे?

ही विद्या आपल्याकडे रुजवली कमलाबाई निंबकरांनी. जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी घरच्या या बाईंनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातली पहिली शाळा काढली. १९५२ साली जागतिक महासंघ उभा राहिला तेव्हा त्याच्या संस्थापक देशांत भारत होता. १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातही शिक्षण सुरू झाले. आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ पासून उभारलेले आनंदवन आपल्याला ठाऊकच आहे. भिक्षेसाठी पसरलेल्या हातांनी तेथे विहिरी खणल्या, शेती केली.

आता कोणी म्हणेल, आमच्या घरी मुलगा आहे, सून आहे. म्हाताऱ्याने कशाला धडपडावे? माया मोठीच गोष्ट आहे. पण न मागता दिलेली मदत माणसाचा हात हळूहळू निकामी करते. गुंडी लावायला त्याला पाव तास लागत असेल तर लागू द्या. सगळेच रोगी पूर्ण बरे होत नाहीत, कुणाला जन्मभर आधार लागतो, हेही खरे. तरी कोणता सदरा घालायचा, केव्हा जेवायचे, हे त्याला विचारता येते. स्वावलंबनाची सुरुवात तेथूनही होते.

राहिली गोष्ट व्यवस्थेची. बोदलकशाच्या विडी कामगार बाईला नागपूर गाठायचे तर तिची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. एकदा जाऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा जावे लागते. तेव्हा या विद्येनेच गावाकडे यावे. गोंदियाहून व्यवसायोपचारतज्ज्ञाने ठरल्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात बसावे, आणि रोग्याचे घरही पाहावे. कारण त्याला उंबरा ओलांडायचा आहे तो त्याच्या घरचा, इस्पितळाचा नव्हे. अपघाताच्या भरपाईबरोबर हा उपचारही कामगाराचा हक्क मानला जावा. या मागणीच्या अर्जावर आपण सह्या कराव्यात. आणि ज्याला सही जमत नाही त्याच्या हाताला आधी जाड लेखणी द्यावी, मगच अंगठ्याची शाई पुढे करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.