पाहुण्याला मागावं लागू नये म्हणून

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



संयोजकांनी पत्रिकेत छापायला जरा भारदस्त विषय मागितला होता. ‘ग्रामीण पर्यटन : संधी आणि आव्हाने’ असं काहीतरी. मी म्हटलं, मी बोलणार साबण, उशी आणि चहाच्या गाळण्यावर, त्याला एवढा मोठा फेटा कशाला बांधता? तेव्हा नाव साधंच राहिलं आणि विषयही साधाच आहे. दोन-चार दिवसांसाठी भाड्याने दिलेल्या घरात पाहुण्यासाठी काय काय ठेवलेलं असावं?

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात आता घरटी नाही म्हटलं तरी बऱ्याच जणांकडे पाहुण्यांच्या एक-दोन खोल्या आहेत. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, 2021 मध्ये चिपीला विमान उतरलं. पण पैसे घेऊन घरात माणसं ठेवणं त्याहून कितीतरी जुनं आहे. पंढरपुरात आषाढीला वारकऱ्यांना खोल्या देणारी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. हरिहरेश्वर, दिवेआगर, गणपतीपुळे इथे ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ या पाट्या मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी लागल्या. पुढे पर्यटन महामंडळाची न्याहारी-निवास योजना आली आणि आता तर मुंबईचा माणूस लोकलमध्ये उभ्या उभ्या आपली खोली बुक करतो.

या सगळ्यात एक गोष्ट बदलली. पूर्वी घरमालकीण पडवीतच असायची. पाहुणा उठला की तिला दिसायचा, त्याला काय हवं ते तिला कळायचं. आता आपण किल्ली हातात देतो, ‘काय होया तां सांगा हां’ म्हणतो आणि आपल्या घरी निघून येतो. आणि पाहुणा सांगत नाही! हॉटेलात माणूस बिनदिक्कत फोन उचलून जास्तीची उशी मागवतो, कारण तिथे तो गिऱ्हाईक असतो. आपल्याकडे तो धड गिऱ्हाईक नसतो आणि धड पाहुणाही नसतो. रात्री अकरा वाजता दुसऱ्याच्या घराचं दार वाजवून ‘मच्छर अगरबत्ती आहे का हो?’ विचारणं त्याच्या जिवावर येतं. तो रात्रभर डास मारत बसतो, सकाळी हसून ‘छान झोप लागली’ म्हणतो आणि परत येत नाही.

म्हणून माझा निकष एकच आहे. रात्री अकरा वाजता जी वस्तू मागायला माणसाला संकोच वाटेल, ती आधीच खोलीत हवी. बाकीची सजावट नंतर.

या धंद्यातल्या मोठ्या कंपन्यांच्याही याद्या असतात. 2008 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या एअरबीएनबीच्या आवश्यक वस्तूंच्या यादीत टॉयलेट पेपर, साबण, माणशी एक टॉवेल, माणशी एक उशी आणि चादरी असतात. यादी चुकीची नाही, पण ती आपल्या न्हाणीघरात बसून केलेली नाही. आपल्याकडे बादली आणि मग नसेल तर शॉवर कितीही चकचकीत असला तरी आजीबाई आंघोळ कशी करणार? तिला बसायला प्लॅस्टिकचा स्टूल लागतो. कमोडशेजारी धरायला दांडा लागतो. टॉयलेट पेपर ठेवाच, पण त्याआधी जेट-स्प्रे गळत नाही ना ते बघा.

गरम पाण्याचा हिशेबही कुणी करत नाही. पंधरा लिटरच्या गिझरमध्ये गार पाणी मिसळून साधारण दोन बादल्या होतात. चौघांचं कुटुंब असेल तर तिसऱ्याला पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं. हे भिंतीवर एका ओळीत लिहून ठेवलं तर कुणी चिडत नाही. लिहिलं नाही तर तिसरा माणूस गार पाण्याने आंघोळ करतो आणि गिझर बिघडलाय म्हणून गावभर सांगतो. गॅस गिझर असेल तर तो बंद न्हाणीघरात कधीही बसवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि आत आंघोळ करणाऱ्याला काही कळायच्या आत तो बेशुद्ध पडतो. यात तडजोड नाही.

टॉवेलबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. आपण पाहुण्यांसाठी जाडजूड पांढरे टर्किश टॉवेल आणतो. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, माल उत्तम असतो, मी त्याच्या विरोधात नाही. पण कोकणच्या पावसात तो टॉवेल दोन दिवस वाळत नाही. तिसऱ्या दिवशी त्याला जो वास येतो, त्याने खोलीतल्या सगळ्या उदबत्त्या हरतात. जून ते सप्टेंबर साधे सुती पंचे ठेवा, माणशी दोन. जाड टॉवेल दिवाळीनंतर काढा. आणि समुद्रासाठी वेगळे, जुने, रंगीत पंचे द्या. ते दिले नाहीत तर पाहुणा तुमच्या पांढऱ्या टॉवेलनेच पायाची वाळू पुसणार, आणि त्यात त्याची काहीही चूक नाही. दाराबाहेर पाय धुवायला एक नळ, ओले कपडे टाकायला दोरी आणि डझनभर चिमटे असले की न्हाणीघराची जाळी वाळूने तुंबत नाही. दोरी-चिमट्यांचा खर्च किती, ते तुम्हीच सांगा.

बायकांसाठी एक सांगते आणि पुरुषांनीही ऐकावं, कारण खोल्यांचं सामान बहुतेक घरांत तेच आणतात. न्हाणीघरातल्या कपाटात सॅनिटरी पॅडचं एक पाकीट, जुन्या वर्तमानपत्राचे कापून ठेवलेले तुकडे आणि झाकणाची कचरापेटी. तारकर्लीत रात्री कुठलं मेडिकल उघडं असतं? आणि झाकणाची पेटी नसेल तर ते कुठे जातं हे सेप्टिक टँक उपसायला माणूस बोलवावा लागतो तेव्हा समजतं.

स्वयंपाकघर पाहुण्याला वापरायला देत असाल तर तिथे एकदा डोळसपणे उभे राहा. भांडी असतात, मायक्रोवेव्ह असतो, कपांचा सेट नवाकोरा असतो. गाळणं नसतं. दहा घरं फिरून बघा, चहाचं गाळणं नसलेली निम्मी निघतील. पाहुणा रुमालातून चहा गाळतो. सांडशी नसते, कुकरची जास्तीची रिंग नसते, भाजी चिरायला धारेची सुरी नसते. मीठ, साखर, चहा पावडर, तेल, हळद-तिखट छोट्या बरण्यांतून ठेवा, वर चिठ्ठ्या लावा. दूध पावडरही ठेवा, कारण लहान मुलाची आई दुकान उघडायची वाट बघू शकत नाही. आपला उकडा तांदूळ आपल्याला प्रिय, पण घाटावरून आलेल्याच्या पोटाला पहिल्या दिवशी तो झेपेलच असं नाही, तेव्हा मूठभर सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळही असू दे. गॅसची नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते. आज घरी गेल्यावर ती तारीख वाचा. गॅसगळतीसाठी 1906 हा क्रमांक शेगडीमागच्या भिंतीवर चिकटवा.

औषधांच्या डब्यात थर्मामीटर, पट्ट्या, जंतुनाशक आणि ओआरएसची पाकिटं एवढंच पुरे. एक लिटर पाण्यात एक पाकीट, हेही डब्यावर लिहा. गोळ्या मात्र आपण देऊ नयेत. कुणाला कशाची ॲलर्जी असते ते आपल्याला माहीत नसतं. त्याऐवजी जवळच्या डॉक्टरचा, ग्रामीण रुग्णालयाचा, 108 आणि 112 असे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे चष्मा न लावताही वाचता येतील.

बॅटरी उशाशी ठेवा. मेणबत्ती नको. वादळी पावसात वीज जाते हे आपल्याला नवं नाही, पण पुण्याचा माणूस अनोळखी अंधारात न्हाणीघर शोधत भिंती चाचपतो. आणि अंगणात, जांभ्याच्या गडग्यात काय असतं हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशावर काम करून दाखवून दिलं की प्राझोसिन वेळेत दिलं तर माणूस वाचतो. वेळेत म्हणजे मंत्र-तंत्र न करता, आवळून न बांधता, सरळ दवाखान्यात. पाहुण्याला हे सांगून घाबरवायची गरज नाही. चपला झटकून घालाव्यात, रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडावं, एवढं दारामागे लिहिलं की पुरतं.

आता समुद्र. 2017 च्या एप्रिलमध्ये बेळगावहून सहलीला आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मंडळींपैकी आठ जण आपल्या वायरीच्या किनाऱ्यावर बुडाले. आपल्यापैकी काहींनी तो दिवस पाहिला आहे. मला वाटतं, साबणाइतकीच भरती-ओहोटीची वेळ ही खोलीत ठेवायची वस्तू आहे. आपल्या जुन्या माणसांना त्यासाठी तक्ता लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पण शहरातल्या मुलाला आज पंचमी आहे हेच माहीत नसतं. तेव्हा खोलीत एक ‘कालनिर्णय’ टांगा. 1973 मध्ये ते काढणारे जयंतराव साळगावकर आपल्या मालवणचेच. शेजारी रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहायला एक पाटी लावा, आणि कुठे उतरायचं नाही हे नाव घेऊन लिहा. ‘समुद्र धोकादायक आहे’ असं लिहून कुणी ऐकत नाही. अमुक खडकापलीकडे ओढ आहे असं लिहिलं की ऐकतात.

एक वस्तू अशी आहे जी खोलीत मावत नाही. रात्रीच्या कोकणकन्येने निघालेलं कुटुंब सकाळी कुडाळला उतरतं आणि नऊच्या सुमारास आपल्या दारात उभं राहतं. खोली बारा वाजता मिळणार. तीन तास ती माणसं, म्हातारी-कोतारी, लहान मुलं, सामानावर बसून काढतात. पडवीजवळ एक स्वच्छ संडास-न्हाणी आणि सामान ठेवायला कुलपाची जागा असेल तर पाहुणा राहायला लागण्याआधीच तुमचा झालेला असतो. जेवढे पैसे आपण आकाशकंदिलासारख्या दिव्यांच्या माळांवर आणि भिंतीवरच्या इंग्रजी सुविचारांवर घालतो, तेवढ्यात हे होतं. आणि ते नारळपाण्याचं स्वागतही थोडं उशिरा चालेल. रात्रभर गाडीत बसलेल्या माणसाला आधी संडास लागतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. ओळखपत्राची नोंद ठेवा, परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांच्या आत त्याची नोंद ऑनलाइन करा. कंटाळवाणं काम आहे, पण ते चुकवून चालत नाही.

कुणी म्हणेल, एवढं सगळं ठेवलं तर पाहुणे उचलून नेतील. नेतात, कधी चिमटे, कधी बॅटरी. त्याची तयारी ठेवा आणि खोलीच्या भाड्यात ते धरा. पण दर पाहुणा चोर आहे असं समजून साबणाची अर्धी वडी ठेवणाऱ्याकडे मी स्वतः राहणार नाही आणि तुम्हीही राहणार नाही.

आता 1 जूनपासून मासेमारी बंद होईल, 31 जुलैपर्यंत बंदच राहील, पाहुणेही ओसरतील. आपल्याला वेळ मिळेल. त्या काळात तुम्ही आणि घरातलं आणखी एक माणूस, स्वतःच्याच पाहुण्यांच्या खोलीत एक रात्र मुक्कामाला जा. घरून काहीही नेऊ नका, मोबाईलचा चार्जरसुद्धा नाही. ज्या ज्या वस्तूसाठी उठून घरी यावंसं वाटेल, ती कागदावर लिहा आणि गणपतीच्या आत घेऊन या.