दंडाची माफी कोणास?

(नागपूर येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



गुन्हा एकच, परंतु दंड मात्र गुन्हेगाराची जात पाहून, ही हिंदू धर्मशास्त्राची न्यायनीती होय. मनुस्मृतीचा आठवा अध्याय पाहा. ब्राह्मणास अपशब्द बोलणाऱ्या क्षत्रियास १०० पण दंड. शूद्रास अपशब्द बोलणाऱ्या ब्राह्मणास अवघे १२ पण. आणि शूद्राने द्विजाची निर्भर्त्सना केली तर त्याची जीभ छाटावी! जेथे इतरांस देहान्त, तेथे ब्राह्मणाचे मुंडन. त्याने सर्व पापे केली तरी राजाने त्याचा वध करू नये. धनासह, अक्षत देहाने त्यास देशाबाहेर जाऊ द्यावे.

शास्त्राभिमानी म्हणतात, चोरीत शूद्राचा दोष आठपट, तर ब्राह्मणाचा चौसष्टपट सांगितला आहे, तो का विसरता? आम्ही तो विसरत नाही. पण त्यामुळे ब्राह्मणाच्या देहास दिलेले अभय रद्द होते काय?

हा नियम पोथीतच राहिला नाही. पेशवाईत ब्राह्मणास उघडपणे देहान्त देत नसत, अशी नोंद एल्फिन्स्टनने केली आहे. बनारस प्रांतात तर कंपनी सरकारनेही ही माफी १८१७ पर्यंत चालविली. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृती जाळण्यात आली, ती याच विषमतेचा धिक्कार म्हणून. पुढे संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदाने कायद्यापुढे सर्वांस समान केले.

मग माफी संपली काय? कायद्यातून संपली, व्यवहारातून नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये सहा जणांची फाशी रद्द करून २५ वर्षांची सक्तमजुरी दिली. फाशी टळली याचे आम्हांस दुःख नाही. आम्ही बुद्धाचे अनुयायी आहोत. दुःख याचे की, अत्याचार प्रतिबंधक कायदा तेथे लागू झाला नाही. खून सिद्ध झाला, जात मात्र निकालातून निसटली. जातीला मिळालेली ही माफीच नव्हे काय?

म्हणून आपले कर्तव्य ओळखा. १९८९ चा तो कायदा आपलाही आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांस अनुसूचित जातींत स्थान मिळाले. धर्मांतर केले म्हणून संरक्षण गेले, असे कोणी सांगितल्यास मानू नका. जातीचे प्रमाणपत्र जपून ठेवा. फिर्यादीत आरोपीने उच्चारलेले शब्द, ठिकाण, वेळ आणि साक्षीदार अचूक लिहवा. ती वाचून मगच सही करा. प्रत मागून घ्या, ती विनामूल्य मिळते. कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यासही त्या कायद्यात शिक्षा सांगितली आहे.

आणि पंचशीलातील चौथे शील विसरू नका. खोटी फिर्याद करू नका. पण भीतीने खरी साक्षही दडवू नका. साक्षीदार गप्प बसला की गुन्हेगारास मनूची गरज उरत नाही.

जय भीम!